घड्याळ बरोबर चालते तेव्हा

भिवखेडच्या औष्णिक केंद्रातले शेवटचे चक्र कायमचे बंद करायचे ठरले, तेव्हा गावाने त्याचा निरोप समारंभ केला. निवृत्त होणाऱ्या हेडमास्तरांचा करतात तसा, अगदी रीतसर. हार आला, नारळ आला, शालही आली. शाल घालायची कुठे, यावर थोडा खल झाला, कारण टर्बाइनला खांदे नसतात. शेवटी ती नियंत्रणाच्या टेबलावर पसरली आणि वर नारळ ठेवला.

मे महिन्यातली सकाळ होती, आणि त्या भागात मे महिन्यातली सकाळ दहाला संपते. मांडवात पंखे गरगरत होते, बाया पदराने वारा घेत होत्या, पुरुषांनी कानाडोक्याला पांढरे दुपट्टे गुंडाळले होते. वीजभिशीचे अध्यक्ष दौलतराव वासेकर भाषणाला उभे होते. दौलतराव उभे राहिले की बसायचे नाव घेत नसत, हे गावाला ठाऊक होते, म्हणून लोक आधीच नाश्ता उरकून आले होते.

दौलतराव सांगत होते त्यात खोटे काही नव्हते. भिवखेडच्या प्रत्येक घरावर सौरपट होते आणि प्रत्येक जिन्याखाली बॅटरी होती. ज्याच्याकडे जास्त झाली त्याने भरायची, ज्याला कमी पडली त्याने उचलायची, आणि सगळ्यांची वीज एकाच जाळ्यातून फिरवायची. बायकांची भिशी चालते त्याच धर्तीवर. राज्याच्या मोठ्या वाहिनीशी गावाचा दुवा होता, तोही गेल्या हिवाळ्यात तोडून मनोरे उतरवून टाकले होते. डिझेलची जनित्रे भंगारात गेली होती. आता हे एक कोळशाचे चक्र थांबले की भिवखेड पूर्ण आपल्या पायावर उभे राहणार होते, आणि दौलतरावांनी हे वाक्य तिसऱ्यांदा म्हटले तेव्हा त्यांनाच भरून आले.

बटण दाबायचा मान वीजभिशीच्या मुख्य अभियंता रेवती उरकुडे यांचा होता. तिने ते दाबले. लोक जन्मापासून ऐकत आलेली ती घरघर हळूहळू खाली बसत गेली, आणि शेवटी थांबली. तिच्याबरोबर मांडवातले पंखे थांबले, माइक थांबला, आणि भिंतीपलीकडे गाव थांबले.

आधी लोक हसले. चक्र रुसले म्हणून कोणीतरी विनोदही केला. रेवती मात्र हसली नाही. तिने शालीवरचा नारळ बाजूला केला आणि टेबलावरचे पडदे पाहायला सुरुवात केली. ते आपापल्या छोट्या बॅटऱ्यांवर चालू होते आणि सगळे एकच सांगत होते. गावातल्या बॅटऱ्या भरलेल्या आहेत, ऊन रखरखीत आहे, सौरपट धडधाकट आहेत आणि तारेत काही नाही.

त्याचे कारण तिला तत्क्षणी कळले.

घरातल्या तारेतली वीज नळाच्या पाण्यासारखी एका दिशेने वाहत नसते. ती सेकंदाला पन्नास वेळा मागेपुढे हेलकावे घेते. चौघे मिळून एक झोपाळा ढकलत असतील तर चौघांचे हात एकाच वेळी पुढे जावे लागतात. एकाचा जरी मागे राहिला तर तो झोपाळ्याला ढकलत नाही, अडवतो. विजेचेही तेच. जाळ्यातल्या प्रत्येक यंत्राचा ताल एकच लागतो. केंद्रातले ते अगडबंब चक्र इतकी वर्षे नुसते फिरून गावाला हा ताल देत होते. बॅटरीची वीज तारेत सोडणारे घरगुती इन्व्हर्टर मात्र दोन जातींचे होते. तालग्राही इन्व्हर्टर तारेतला ताल ऐकतो आणि त्यात आपली वीज ओततो. तालदाता इन्व्हर्टर स्वतः ताल धरतो, आणि भिशीचे असे अनेक असले तर ते आपसात जुळवून एकच ताल धरतात. सगळ्या गावाचे हिसके सोसावे लागतात, म्हणून तालदात्याची बॅटरी लवकर म्हातारी होते. हा बोजा वाटून जावा म्हणून वीजभिशीने चिठ्ठ्या टाकून वीस घरे निवडली होती. त्या वीस घरांच्या यंत्रांची कळ ‘दाता’कडे फिरवायची आणि चक्र थांबले की त्यांनी ताल धरायचा, असा बेत होता.

त्या वीस घरांपैकी एक दौलतरावांचे होते. रेवतीने त्यांच्याकडे नुसते पाहिले.

दौलतरावांनी दुपट्टा सारखा केला. मग म्हणाले, की दात्यावर ठेवले तर बॅटरी दोन वर्षांत बसते, आणि एक त्यांचीच कळ फिरली म्हणून काय मोठे झाले, बाकीची एकोणीस घरे होतीच की.

रेवतीने पुढे विचारले नाही. बाकीच्या एकोणीस घरांतही हेच वाक्य शब्दाशब्दाने म्हटले गेले असणार, हे उघड होते. चक्र फिरत होते तोवर कोण ताल धरतो आणि कोण नुसता ऐकतो, हे कोणाला कळायला मार्गच नव्हता. आता पूर्ण गावात शेकडो यंत्रे कान टवकारून बसली होती आणि कोणी सुरुवात करत नव्हते. कळ आता पुन्हा ‘दाता’कडे फिरवूनही उपयोग नव्हता. मागे कुठेतरी एका घराच्या इन्व्हर्टरने मेलेल्या तारेत वीज सोडली आणि खांबावरचा वायरमन गेला, तेव्हापासून कायदाच झाला होता. तार जिवंत असेल तरच कळ मानायची, मेलेल्या तारेवर यंत्राने काही करायचे नाही, असे प्रत्येक यंत्राच्या पोटातच घातलेले होते.

आणि चिठ्ठीत निघालेल्या वीस घरांत रेवतीचे स्वतःचे घरही होते. ते केंद्राच्या फाटकासमोरच होते. ती धावत गेली, जिन्याखाली वाकली आणि झाकण उघडले. कळ ‘ग्राही’कडे होती. ‘दाता’कडून तिने ती कधी हलवली नव्हती. घरात हात लावणारी माणसे दोनच होती.

ती परत आली तेव्हा नियंत्रण कक्षातला खाणीचा फोन वाजत होता. हा फोन जुना होता, दांडा फिरवून वाजवायचा, आणि त्याला कोणाची वीज लागत नसे. गावाच्या पोटात बंद पडलेली कोळशाची खाण होती. तिच्यातले पाणी उपसत राहिले नाही तर ते गावाच्या विहिरींत आणि घरांच्या पायात शिरले असते, म्हणून पंप अखंड चालत. सकाळपासून सात माणसे खाली पंप बदलत होती आणि त्यांचा मुकादम रेवतीचा नवरा मोरेश्वर होता.

मोरेश्वरने विचारले, लाइट कधी येते. पंप बंद होता, माणसांना वर-खाली नेणारा पिंजरा बंद होता. खाणीला दुसरी वाट होती, पण ती उतरत्या बाजूने असल्यामुळे पाणी आधी तिथेच भरले होते.

“पाणी कुठपर्यंत आलं?” तिने विचारले.

“गुडघ्याच्या वर. हळूहळू चढून राहिलं.”

मग म्हणाली, “आपल्या घरची कळ तुम्ही फिरवली?”

“हो,” तो म्हणाला. “दिवाळीतच. बॅटरी उतरून राहिली होती. बाकीचे होते ना, रेवती.”

तिला त्याचा इतका राग आला, की फोन आपटावासा वाटला, आणि त्याच क्षणी तो आता परत दिसलाच नाही तर काय, ही भीतीही वाटली. तिने फोन आपटला नाही. सगळ्यांना वरच्या चौथऱ्यावर चढवा, आणि फोनजवळच राहा, मी लाइट आणते, एवढे सांगून तिने फोन नीट जागेवर ठेवला.

दौलतरावांनी तोवर जिल्ह्याहून जनित्र मागवले होते. ते संध्याकाळी पोचणार होते. संध्याकाळी चौथऱ्यावर पाणी डोक्यावरून गेलेले असणार, हा हिशेब करायला अभियंता लागत नव्हता. रेवती म्हणाली, की जनित्र येऊ द्या, पण मी त्याच्या वाटेकडे डोळे लावून बसणार नाही. गावात ताल धरणारे एक तरी यंत्र सापडले, कितीही लहान का असेना, तर बाकीची शेकडो त्याच्यामागे उठतील. ताल द्यायला ताकद फार लागत नाही. ताकद गावाकडे भरपूर पडली आहे.

आणि मग तिला पिंपळशेंडे सरांचे घड्याळ आठवले.

प्रभाकर पिंपळशेंडे गावातल्या कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवून निवृत्त झाले होते. रेवती त्यांची विद्यार्थिनी. निवृत्तीनंतर त्यांनी घरी एक घड्याळ बनवले. जुन्या मायक्रोवेव्हमधली थाळी फिरवायची मोटर घेतली. ती मोटर तारेतल्या तालाशी बांधलेली असते, ताल जितका, तितकीच ती फिरते. तिला सनमायकाची हाताने कापलेली चाके जोडली, तबकडीला पितळी परात लावली. म्हणजे हे घड्याळ वेळ मोजत नसे, विजेचे हेलकावे मोजत असे. हेलकावे बरोबर तर वेळ बरोबर.

घड्याळ मागे पडू लागले. तासाला मिनिटभर, रोज, न चुकता. सरांनी निष्कर्ष काढला, की केंद्राचा ताल मंद आहे. पूर्वी तो तसा असायचाही, त्यांनी तो काळ पाहिला होता. त्यांनी केंद्राला तक्रारी केल्या, भिशीच्या सभेत उभे राहून भांडले, आणि कोणी ऐकेना तेव्हा गावची वीज घेणेच सोडले. स्वतःचा बॅटरीचा इन्व्हर्टर बांधला. बाजारातले स्वस्त इन्व्हर्टर हेलकावे नीट देत नाहीत, धक्के देतात, आणि त्यावर मोटर नुसती कण्हते. म्हणून सरांनी दोन वर्षे खपून गुळगुळीत हेलकावा देणारे यंत्र तयार केले. त्याची चकती फिरवून फिरवून रेडिओच्या वेळेशी घड्याळ जुळवले, आणि जुळले त्या जागी तांबडा ठिपका दिला. तेव्हापासून घड्याळ सेकंदाला सेकंद बरोबर. ऐटीत त्यांनी ते यंत्र एकदा गल्लीच्या तारेलाही जोडले होते. एका तारेत दोन न जुळणारे ताल भांडले तर यंत्रे जळतात, म्हणून रेवतीने स्वतः जाऊन ती जोडणी काढली आणि तिथे शिशाचे सील मारले. त्या दिवसापासून सर तिच्याशी बोलत नव्हते.

सरांचे दार उघडे होते. सगळ्या गावात सामसूम, आणि त्यांच्या बैठकीत ती परात मंद घूं करत वेळ दाखवत होती. सर बनियनवर, खांद्यावर ओला पंचा टाकून तिच्यासमोर बसले होते.

“ये. सील तपासायला आलीस?” ते म्हणाले.

रेवतीने खाणीतले सांगितले. सर ताडकन उठले, सदरा चढवला आणि पक्कड शोधू लागले. माणूस तिरसट होता, वाईट नव्हता. सील त्यांनी स्वतःच तोडले, आणि तोडताना तिच्याकडे पाहायचे मात्र सोडले नाही.

“माझं यंत्र एक पंखासुद्धा ओढणार नाही,” ते म्हणाले. “गाव कसं ओढेल?”

“ओढायचं नाहीच, सर. गल्लीतल्या सगळ्या घरांतले दिवे-पंख्यांचे स्विच बंद करायचे. तार रिकामी. तुमचं यंत्र फक्त त्या रिकाम्या तारेत ताल सोडेल. शेजारच्या झाडे काकूंच्या यंत्राला तो ऐकू आला की ते उठेल. ताल मिळाला की ही यंत्रं तारेतला दाब पाहतात आणि लागेल तेवढी वीज स्वतः ओततात. मग तिसरं घर, चौथं घर. गल्ली उभी राहिली की रोहित्र, मग खाणीची वाहिनी.”

“आणि मध्येच कोणी कूलर लावला तर?”

“तर सगळं पुन्हा पहिल्यापासून. म्हणून कोणी लावायचा नाही.”

सर विचार करत होते. ते म्हणाले, गल्लीकडे जाताना एक बारीक फ्यूज घालू, म्हणजे गल्लीने दगा दिला तर फ्यूज जाईल, घड्याळ राहील. अशा वेळीही त्यांना घड्याळाचे पडले होते, याचे रेवतीला हसू आले असते, पण आज ते यायला जागा नव्हती.

गल्लीतले सगळे स्विच बंद झाले. माणसे गच्च्यांवर चढली. ज्याचे यंत्र उठेल त्याने दुपट्टा हलवायचा, असे ठरले होते. रेवतीने रोहित्राची जोडणी तोडून गल्ली वेगळी काढली. सरांनी फ्यूज बसवला. तार जिवंत झाली. झाडे काकूंच्या जिन्याखालच्या यंत्राने कान दिला, दिवा पिवळा झाला, आणि तो पिवळाच राहिला. खाली अक्षरे उमटली: ‘ताल जलद. प्रतीक्षा.’

रेवतीने आपले मापक तारेला लावले. पन्नास आवर्तने हवी होती. मापक जवळजवळ एकावन्न दाखवत होते.

हा फरक माणसाला किरकोळ वाटेल, पण यंत्राला नाही. जाळ्यात वीज गरजेपेक्षा जास्त झाली की ताल वाढतो, म्हणून ताल चढलेला दिसला की प्रत्येक तालग्राही यंत्र शहाण्यासारखे बाजूला होते. आपली गरज नाही असे समजते. सरांचा ताल ऐकून गल्लीतली सगळी यंत्रे अशीच नम्रपणे बाजूला उभी होती.

“चकती खाली करा, सर.”

“मापक चुकतंय तुझं. घड्याळ रेडिओशी बरोबर आहे. घड्याळ बरोबर, म्हणजे ताल बरोबर. उलट तपासून पाहा ना.”

“मी तेच करतेय. घड्याळ बरोबर आहे, मान्य. मापकही बरोबर आहे, मी सकाळी केंद्रात लावून पाहिलंय. दोन्ही बरोबर असतील तर चूक त्या दोघांच्या मध्ये आहे. मध्ये काय आहे?”

मध्ये चाके होती. त्यांनी स्टूल ओढले, वर चढले, परात उतरवली, आणि मोटरजवळचे मोठे चाक बोटाने अडवले. घड्याळ थांबले. करवतीने हाताने कापलेल्या त्या चाकाचे दाते ते पेनाने ठिपके देत मोजू लागले. साठ दाते हवे होते. त्यांनी एकदा मोजले, मग पहिल्या ठिपक्यापासून पुन्हा मोजले.

“एकसष्ट,” ते म्हणाले.

तीस वर्षे ते मुलांना उत्तर आले की पुन्हा पडताळून पाहा म्हणून ओरडले होते. चाक एका दात्याने मोठे, म्हणून घड्याळ मागे पडे. घड्याळ मागे पडे, म्हणून त्यांनी ताल चढवला. ताल चढवला, म्हणून घड्याळ बरोबर आले. आणि घड्याळ बरोबर आले म्हणून केंद्र चूक. केंद्र बिचारे कधीच चुकलेले नव्हते. सरांचा चेहरा इतका उतरला, की रेवतीला त्यांचा हात धरावासा वाटला. पण ते तेवढ्यात स्टुलावरून उतरले होते.

“आकडा वाचत राहा,” त्यांनी तिला सांगितले आणि स्वतः चकतीला हात घातला. तांबडा ठिपका मागे गेला. मापकाचा आकडा उतरत उतरत पन्नासावर आला आणि तिथे थांबला.

झाडे काकूंच्या यंत्राचा दिवा हिरवा झाला. काकूंनी गच्चीवरून दुपट्टा हलवला तो असा, की सापच अंगावर आला आहे. पलीकडच्या गच्चीवर दुसरा हलला, मग तिसरा, मग कोपऱ्यावरचा. एका घरात कोणीतरी सवयीने पंखा लावला आणि फ्यूज गेला. सरांनी निमूटपणे दुसरा बसवला आणि सगळे पुन्हा पहिल्यापासून केले. तोवर ऊन डोक्यावर आले होते, सनमायकाची चाके हाताला पोळत होती, आणि रेवतीने दौलतरावांना गल्लीच्या तोंडाशी उभे करून एकच काम दिले होते, की कोणाला स्विचला हात लावू द्यायचा नाही. दौलतराव ते काम जीव तोडून करत होते.

गल्ली उभी राहिली. रोहित्र जोडले, दिवे क्षणभर दबले आणि सावरले. शेजारच्या गल्लीने तो ताल उचलला, तिच्याकडून बाजारपेठेने, बाजारपेठेकडून खाणीच्या वाहिनीने. नियंत्रण कक्षातला फोन वाजला तेव्हा तिकडून मोरेश्वर बोलत नव्हता, नुसता पंपाचा आवाज येत होता. त्याने फोन मुद्दाम पंपाकडे धरला होता.

पिंजरा दोन खेपांत सातही जणांना वर घेऊन आला. मोरेश्वर शेवटी आला. काळ्या पाण्याने छातीपर्यंत भिजला होता, त्याचे दात वाजत होते. रेवती रडली. सगळ्या गावासमोर, त्याच्या ओल्या बाहीला धरून, काही न लपवता रडली. मग तिने बाही सोडली आणि वीसही घरांच्या कळा स्वतः फिरवायला निघाली.

पुढचे पंधरा दिवस भिवखेड फार चांगले वागले. वीस घरांनी मंदिरासमोर शपथा घेतल्या. दवाखान्याला आणि खाणीच्या पंपाला गावच्या जाळ्यातून वेगळे काढून आपापले तालदाता यंत्र बसवले, हे रेवतीने हट्टाने करून घेतले. सरांचा सत्कार झाला. शाल होतीच, या वेळी खांदेही होते. सरांचे यंत्र आता काढून घ्या, वीस तालदाते आहेत, असे रेवती म्हणाली, पण गावाने ऐकले नाही. ते मानाचे यंत्र ठरले. गल्लीच्या तारेला जोडलेलेच राहिले, त्याला दर गुरुवारी हार पडू लागला. घड्याळ तासाला मिनिटभर मागे पडत राहिले. चाक बदला, असे लोक सुचवत. सर म्हणत, चूक माझी आहे, ती मला दिसत राहू दे. रोज सकाळी चहाआधी ते काटे पुढे सरकवून घेत.

जुलैअखेरीस एकदा सरांनी रेवतीला फोन केला. कुरकुर किरकोळ होती. बॅटऱ्या फार लवकर बसताहेत, एवढ्यात तिसऱ्यांदा बदलल्या, दुकानदार फसवतो की काय.

रेवतीने बरे म्हटले आणि फोन ठेवला. मग तिच्या लक्षात आले आणि ती होती तिथेच बसून राहिली. बॅटरी लवकर कोणाची म्हातारी होते? जो ताल धरतो त्याची. वीस जण ताल धरत असते तर सरांच्या वाट्याला काही आलेच नसते.

ती घरी गेली. जिन्याखाली वाकली, झाकण उघडले. कळ ‘ग्राही’कडे होती. मोरेश्वर मागे येऊन उभा राहिला.

“सरांचं यंत्र आहे ना आता,” तो म्हणाला. त्याच्या आवाजात लाज होती, पण कळ होती तिथेच होती.

रेवतीने ती फिरवली नाही. ज्या माणसाच्या छातीपर्यंत पाणी आले होते त्याने जर हे केले असेल, तर इतरांना विचारायला जाण्यात अर्थ नव्हता. तिने खाणीत फोन लावला. आज खाली कोणी उतरलेले नव्हते, आणि पंप आपल्या वेगळ्या यंत्रावर होता. दवाखान्यात विचारले, तेही आपल्या यंत्रावर होते. मग ती छत्री घेऊन सरांकडे निघाली.

तिने सरांना सगळे सांगितले. “गल्लीकडचा फ्यूज काढायचा आहे, सर. वीसांतल्या पाच-सात घरांनी जरी ताल धरला असेल तर काही होणार नाही. गावाला कळणारसुद्धा नाही.”

“आणि कोणीच धरला नसेल तर?”

“तर आपल्याला कळेल.”

फ्यूजवर गुरुवारचा हार होता. सरांनी तो काढून खुंटीला लावला. फ्यूज रेवतीने स्वतः उपसला. उपसताना तिच्या मनात आले, की दिवे राहू देत, माझा समज खोटा ठरू दे, मी पुढची दहा वर्षे दौलतरावांची भाषणे ऐकीन. समोरच्या घरातला पंखा दिसत होता. तो मंदावला आणि थांबला. पलीकडची पिठाची गिरणी खाली बसली. बाजारपेठेकडून येणारा लाउडस्पीकर एका शब्दाच्या मध्येच गप्प झाला. भरलेल्या बॅटऱ्यांचे ते गाव पुन्हा एकदा मुके झाले.

सरांनी खिडकीतून एकदा बाहेर पाहिले. मग वळले.

“आता गल्लीचा आणि माझा संबंध नाही ना?” त्यांनी विचारले. “मग मी माझं घड्याळ बरोबर करतो.”

त्यांनी चकती फिरवून तांबड्या ठिपक्यावर आणली. काटे रेडिओशी जुळवले. परात घूं करत चालू लागली, सेकंदाला सेकंद बरोबर.

लोक जमू लागले. आधी झाडे काकू आल्या, मग कोपऱ्यावरचे, मग ओला दुपट्टा पिळत दौलतराव. प्रत्येकजण दारातून आत पाही आणि विचारी, की सरांचे यंत्र बिघडले का. मोरेश्वर सगळ्यांच्या मागे उभा होता, आणि त्याने मात्र काही विचारले नाही.

रेवतीने खुर्ची दारात ओढली आणि बसली. उपसलेला फ्यूज तिच्या मुठीत होता.

“यंत्र ठीक आहे,” ती म्हणाली. “आज खाणीत कोणी नाही, म्हणून मला घाई नाही. सर ताल पुन्हा पन्नासावर आणतील, मी फ्यूज बसवीन, मग एकेक घर जोडू. जोडल्यावर कळ माझ्यासमोर ‘दाता’कडे फिरवायची, आणि त्यावर मी सील मारायचं. पहिलं घर माझं.”

तिने पिशवीतून शिशाचे सील आणि पक्कड काढून मांडीवर ठेवली. कोणी पुढे आले नाही. मग गर्दीतून वाट काढत मोरेश्वर आला आणि तिच्यासमोर उभा राहिला. तिच्या पाठीमागे भिंतीवरचे घड्याळ अगदी बरोबर चालत होते.